कळलं का?

"आजी, डोळे मिटा. पायाला काही लागलं की 'हो' म्हणायचं. नाही लागलं तर गप्प राहायचं."

डॉक्टरांच्या हातात पेनासारखी दांडी होती आणि तिच्या टोकाला नायलॉनचा ताठ तंतू. तो तळव्यावर टेकवायचा, वाकेपर्यंत दाबायचा आणि उचलायचा. दहा ग्रॅमचा जोर पडला की तो वाकतो, त्यामुळे हात कोणाचाही असो, जोर तेवढाच पडतो. आईला मधुमेह होऊन बरीच वर्षं झाली. पायाची संवेदना शाबूत आहे ना, हे बघायला ही तपासणी अधूनमधून करावी लागते. दहा ग्रॅमच्या तंतूला आईने दरवेळी 'हो' म्हटलं. मग डॉक्टरांनी त्याहून बारीक तंतू घेतला, आणि घोळ तिथे सुरू झाला.

मी बाजूला बसून बघत होते. अंगठ्याच्या मुळाशी तंतू टेकला: "हो." टाचेजवळ टेकला: "हो." पुन्हा अंगठ्याच्या मुळाशी, अगदी त्याच जागी: शांतता. थोड्या वेळाने तिसऱ्यांदा तिथेच: "हो." मध्ये एकदा डॉक्टरांनी तंतू टेकवलाच नाही, नुसतं विचारलं, "आता?" आणि आई म्हणाली, "हो, लागलं की."

डॉक्टरांना त्यात काही वावगं वाटलं नाही. इतक्या बारीक स्पर्शाला असं होतंच, काळजीचं कारण नाही, असं ते म्हणाले. आई मात्र घरी येईपर्यंत बोलली नाही. आल्यावर म्हणाली, "एकदा हो, एकदा नाही. त्यांना वाटलं असेल, म्हातारी मनाला येईल ते सांगते."

ती कधी मनाला येईल ते सांगत नाही. आयुष्यभर शब्दाला जपणारी बाई. स्वतःच्या तळपायाबद्दलच तिला खोटं पडल्यासारखं वाटावं, हे मला सहन होईना. म्हणून मी वाचायला बसले, आणि कित्येक आठवडे त्यातून उठले नाही.

आपल्या भाषेत स्पर्श 'कळतो'. गोष्ट कळते, माणूस कळतो, तसाच स्पर्शही. आणि कळ येते ती तर दुखण्याची. कातडीला काहीतरी लागणं आणि ते आपल्याला कळणं यांत अंतर असू शकतं, याची जाणीव या क्रियापदात कुठेतरी आहे, असं मला आता वाटतं. आईचा प्रश्न नेमका त्या अंतरातला होता. तंतू टेकला होता. लागला होता. तिला कळला नव्हता.

लागलेलं वर पोचतं कसं, ते आधी. त्वचेत दाबाची, थरथरीची, ताणाची जाणीव घेणारी वेगवेगळी टोकं असतात. दाब पडला की तिथल्या पेशींच्या पटलातली सूक्ष्म दारं उघडतात. पिएझो नावाची ही प्रथिनं शोधल्याबद्दल आर्डेम पॅटापुटियन यांना २०२१ सालचं नोबेल विभागून मिळालं. तिथून विजेचा संदेश निघतो, जाड चेतातंतूंवरून सेकंदाला पन्नासेक मीटरच्या वेगाने धावतो, मज्जारज्जूच्या मागच्या बाजूने वर चढतो, मेंदूच्या बुडाशी बाजू बदलतो आणि थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या टप्प्यामार्गे विरुद्ध बाजूच्या कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरात, शिरतो. मनगटाशी नसेला हलका विजेचा झटका दिला तर हा प्रवास साधारण २० मिलिसेकंदांत होतो. घोट्यापाशी दिला तर वाट लांबची, म्हणून ४०च्या आसपास. आईच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग, फार तर थोडा अधिक.

पोचलं म्हणजे कळलं का? नाही. मला सगळ्यात आधी थांबवलं ते या गोष्टीने. पाठीच्या कण्याची शस्त्रक्रिया चालू असताना मज्जारज्जूला इजा होत नाही ना, हे पाहायला डॉक्टर घोट्याजवळच्या नसेला झटके देत राहतात आणि डोक्यावरच्या तारांमधून त्यांचा माग घेतात. रुग्णाला पूर्ण भूल दिलेली असते. तरीही त्या चाळीसाव्या मिलिसेकंदाची लाट कागदावर उमटते. दारावर थाप पडली, आवाज आत गेला, आणि घरात कोणीही जागं झालं नाही.

मग आई जागी असताना, डोळे मिटून लक्ष देऊन बसलेली असताना, एक थाप ऐकू येते आणि दुसरी येत नाही, ते का?

याचं उत्तर शोधायला तंतू टेकण्याच्या *आधीच्या* क्षणाकडे पाहावं लागतं. आणि त्या क्षणाकडे शास्त्राने फार काळ पाहिलंच नाही. पाहिलं नाही म्हणजे, तो क्षण समोर दिसत होता, पण तो पुसून टाकण्यातच सगळं कौशल्य खर्ची पडत होतं.

१९२४ साली जर्मनीतल्या येना इथे हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञाने माणसाच्या डोक्यावरून मेंदूची वीज पहिल्यांदा नोंदवली. तरुणपणी एका अपघातातून तो थोडक्यात बचावला, आणि दूर असलेल्या बहिणीला त्याच वेळी त्याच्यावरचं संकट जाणवलं, अशी त्याची खात्री होती. मनातून मनाकडे काहीतरी जात असलं पाहिजे, ते मोजता आलं पाहिजे, या ध्यासाने तो मेंदूकडे वळला. विचारांचं प्रक्षेपण त्याला सापडलं नाही. सापडली ती डोळे मिटले की उमटणारी, सेकंदाला दहाएक वेळा खालीवर होणारी एक संथ लाट. ती खरी आहे याची खात्री पटायला त्याला इतकी वर्षं लागली की निबंध छापला तो १९२९ साली. त्याने तिला अल्फा म्हटलं. डोळे उघडले की ती मावळायची. मिटल्या डोळ्यांनी बसलेल्या माणसाच्या हाताला स्पर्श केला, तरीही ती काही क्षण मावळायची. म्हणजे लय आणि स्पर्श यांचं नातं पहिल्याच काही वर्षांत कागदावर आलेलं होतं.

तरी ते मागे पडलं, आणि याला कारण ठरलेल्या माणसाबद्दल मला राग नाही, उलट फार आदर आहे. त्याचं नाव जॉर्ज डॉसन. लंडनमधल्या क्वीन स्क्वेअरच्या रुग्णालयात त्याच्याकडे एक रुग्ण आला होता. त्याचं अंग झटके देत उडायचं, आणि नुसत्या संवेदनेनेही झटका येई. त्या रुग्णाच्या मेंदूत नसेच्या उद्दीपनानंतर एवढी मोठी लाट उठे की ती उघड्या डोळ्यांनी दिसे. डॉसनला प्रश्न पडला: निरोगी माणसात ही लाट किती असेल? ती असते एक-दोन, फार तर काही मायक्रोव्होल्ट. आणि तिच्याभोवती मेंदूच्या चालू लयी दहापट मोठ्या. जत्रेच्या गलक्यात कोणी कुजबुजावं तसं. म्हणून १९४७ साली त्याने अनेक नोंदी एकाच फोटोवर एकावर एक उमटवल्या, आणि पुढे सरासरी काढणारं यंत्रच बनवलं, फिरत्या स्विचचं आणि कपॅसिटरांचं, संगणक हाताशी नसतानाच्या काळात. स्पर्शाला मिळणारा प्रतिसाद दरवेळी त्याच क्षणी येतो, म्हणून बेरजेत तो टिकतो. लयींचा उतार-चढाव दरवेळी वेगळा, म्हणून तो एकमेकांना खोडतो. शंभर नोंदींची सरासरी काढली की गलका दहाव्या हिश्शावर येतो आणि कुजबुज ऐकू येते.

ही युक्ती इतकी सुंदर आहे की आजही जगभर रोज वापरली जाते. शस्त्रक्रियेतला तो माग याच युक्तीने घेतात. पण तिच्या पोटात एक गृहीत दडलेलं आहे: स्पर्शाचा प्रतिसाद दरवेळी सारखाच असतो आणि बाकीचं सगळं निरर्थक. सरासरीच्या त्या गुळगुळीत रेषेत आईचं पहिलं 'हो', दुसरी शांतता आणि तिसरं 'हो' तिन्ही विरघळून जातात. आईला जे टोचत होतं तेच नेमकं तिथे पुसलं जातं.

हे गृहीत मोडणारा एक प्रयोग १९९६ साली प्रसिद्ध झाला. तो स्पर्शाचा नव्हे, दृष्टीचा होता, आणि मांजरांवरचा. पण स्पर्शाकडे पाहायची माझी नजर त्यानेच बदलली. अमोस अरिएली, अमिराम ग्रिनवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशींमधल्या विजेबरोबर चमक बदलणारे रंग वापरून कॉर्टेक्सचा पृष्ठभाग क्षणाक्षणाला पाहिला. तीच आकृती दाखवली तरी प्रतिसाद दरवेळी निराळा. मग त्यांनी एक साधी गोष्ट करून पाहिली. आकृती दिसण्याच्या अगदी आधी तिथे जी हालचाल चालू होती, तिच्यात सरासरी प्रतिसाद मिळवला. बेरीज जवळजवळ त्या त्या वेळच्या खऱ्या प्रतिसादासारखी आली. ज्याला गलका म्हणत होतो, ते तिथे आधीपासून चालू असलेलं संभाषण होतं.

स्पर्शाच्या प्रदेशालाही स्वतःची लय आहे. ती मी आजवर ऐकलीही नव्हती. डोक्याच्या मध्यावरून दोन्ही कानांकडे उतरणाऱ्या पट्ट्यात, हालचालीचा आणि स्पर्शाचा भाग जिथे लागून आहेत तिथे, आठ ते तेरा हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा खालीवर होणारी, एक लाट असते. फ्रान्समध्ये आंरी गास्तो यांनी १९५२ साली तिचं वर्णन केलं. ती कागदावर ओळीने मांडलेल्या कमानींसारखी दिसते, एका बाजूला टोकदार, दुसऱ्या बाजूला गोल, म्हणून त्यांनी तिला कमानीचंच नाव दिलं. आज तिला म्यू म्हणतात. डोळे उघडल्याने ती जात नाही. मूठ वळली की जाते. हाताला स्पर्श झाला की जाते. मूठ वळायचा नुसता विचार मनात आणला तरी ओसरते. तिच्यातच मिसळलेली वीसेक हर्ट्झची बीटा लय असते, आणि ती स्पर्शानंतर आधी दबते, मग अर्ध्या-एक सेकंदात उसळून पूर्वीपेक्षा मोठी होते. अंगाला काही लागून गेल्यावर तो भाग पुन्हा स्थिरस्थावर होतो, ते या उसळीत दिसतं.

पूर्वी अशा लयीला मेंदूचं 'निष्क्रिय चालणं' समजत, गाडी उभी असताना इंजिन सुरू ठेवावं तसं. मला हे कधीच पटलं नसतं, आणि पुरावाही आता दुसरीकडे बोट दाखवतो. उजव्या हाताला स्पर्श होणार आहे, लक्ष ठेवा, असं सांगितलं की त्या हाताच्या प्रदेशातली लय स्पर्श होण्याआधीच मंदावते, आणि दुर्लक्ष करायच्या हाताच्या बाजूला ती तुलनेने जोरात राहते. म्हणजे ही लय दार लोटून घेते आणि उघडतेही. २०११ साली माकडांवर झालेल्या एका अभ्यासात बोटाच्या टोकावरच्या दोन थरथरींमधला फरक ओळखायचा होता. हालचालीच्या आणि स्पर्शाच्या प्रदेशातली अल्फा लय जितकी उतरलेली, तितक्या पेशी अधिक बोलत्या आणि उत्तर अधिक बरोबर. शिवाय पेशी बोलत होत्या त्याही लाटेच्या ठरावीक भागात. दार नुसतं उघडं किंवा बंद नव्हतं, ते सेकंदाला दहा वेळा हलत होतं.

झोपाळ्याला धक्का द्यायचा असेल तर तो कुठे आहे ते पाहून देतात. आपल्याकडे येताना दिलेला आणि दूर जाताना दिलेला धक्का सारख्याच जोराचा असला तरी सारखा लागत नाही. स्पर्शाचं काहीसं असंच आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तर्जनीला लागोपाठ दोन झटके दिले होते, इतक्या कमी अंतराने की कधी दोन वाटावेत, कधी एकच. काय वाटेल हे झटक्याआधीच्या बीटा लयीच्या टप्प्याशी जोडलेलं निघालं. जगाने दोनदा बोट लावलं, आणि एकदा की दोनदा हे आत ठरलं.

इथे मला वाटलं की उत्तर हाती आलं: लय कमी तर स्पर्श कळतो, जास्त तर निसटतो. मी आईला तसं सांगायलाही निघाले होते. पण २००४ सालचं एक संशोधन मध्ये आलं. माणसांच्या तर्जनीला अगदी उंबरठ्यावरचे, कळतील न कळतील असे झटके देऊन पाहिलं, तेव्हा स्पर्शप्रदेशातली लय फार कमी असतानाही नाही आणि फार जास्त असतानाही नाही, तर मधल्या पातळीला असताना ते सर्वांत चांगले कळत होते. मी तो निबंध पुन्हा पुन्हा वाचला. उत्तर असं वाकडं निघालं की मला त्यावर जास्त विश्वास बसतो. डोळ्यांच्या बाबतीतल्या प्रयोगांत तर असंही दिसलं आहे की लय फार उतरलेली असताना माणूस नसलेलं चिन्हही 'दिसलं' म्हणतो. दक्षता वाढते, पण तिच्याबरोबर 'हो' म्हणायची ओढही वाढते. आईचं ते न टेकलेल्या तंतूला दिलेलं 'हो' मला तिथे दिसलं. ती लबाडी नव्हती. ती फार मन लावून वाट पाहत होती.

शिवाय 'लय' म्हटलं की आपल्याला अखंड चालणारं काहीतरी वाटतं. बीटा तशी नसते. एकेक नोंद सुटी काढून पाहिली तर तिचे छोटे उमाळे दिसतात, साधारण दीडशे मिलिसेकंदांच्या आत संपणारे, मध्ये रिकामी जागा. २०१७ साली माणसं आणि उंदीर दोघांवर केलेल्या अभ्यासात स्पर्शाच्या ऐन आधी असा उमाळा येऊन गेला असेल तर स्पर्श निसटण्याची शक्यता वाढलेली आढळली. हजार नोंदींची सरासरी काढली की हेच उमाळे पसरून एक सलग पट्टी होतात. पुन्हा सरासरीच!

आणि गोष्ट मेंदूपाशीही थांबत नाही. २०२०मध्ये लाइपझिगच्या संशोधकांनी बोटाला दिलेल्या मंद झटक्यांची सांगड हृदयाच्या ठोक्यांशी घातली. हृदय आकुंचन पावत असताना लोकांना ते कमी कळत, शिथिल होत असताना अधिक. हे वाचून मी बोट मनगटावर ठेवून किती वेळ बसले, आठवत नाही.

एक खरं सांगायला हवं. यातले जवळजवळ सगळे प्रयोग बोटांवरचे आहेत. हाताचा प्रदेश कॉर्टेक्सच्या बाहेरच्या बाजूला, कवटीखाली ऐसपैस पसरलेला आहे. पायाचा प्रदेश दोन गोलार्धांमधल्या फटीत आत वळलेला, म्हणून त्याची लय डोक्यावरून टिपणं अवघड जातं. आणि आईच्या पायांत मधुमेहाचाही वाटा असू शकतो. म्हणून ती तपासणी वेळच्या वेळी व्हायला हवी, ती होत राहील. पण उंबरठ्यावरचा स्पर्श निरोगी, तरुण, लक्ष देणाऱ्या माणसालाही एकदा कळतो आणि एकदा कळत नाही, एवढं नक्की. उंबरठा या शब्दाचा तिथे अर्थच तो आहे: जो निम्म्या वेळा कळतो तो स्पर्श.

मी हे सगळं आईला एका दुपारी सांगितलं. ती ऐकून घेते तेव्हा मध्ये बोलत नाही. शेवटी म्हणाली, "म्हणजे मी तेव्हा नाही म्हटलं, ते खरं होतं?"

"खरं होतं. दोन्ही खरं होतं."

"मग तुझं बघू," म्हणाली, आणि शिवणाच्या डब्यातून दोरा काढला.

मी डोळे मिटून तळहात पुढे केला. तिने दोऱ्याचं टोक माझ्या बोटांवर टेकवायचं, कधी टेकवायचं नाही, फक्त "आता?" विचारायचं, आणि वहीत खूण करायची. वीस वेळा. पहिल्या पाच-सहा वेळा मला अगदी स्पष्ट कळत होतं, असं मला वाटलं. मग एक विचित्र काळ आला. बोटाच्या टोकावर सतत काहीतरी आहे असं वाटू लागलं, दोरा की माझंच रक्त, सांगता येईना. मी 'हो' म्हणायचे आणि लगेच शंका यायची. वाट पाहायला लागलं की बोट स्वतःच बोलायला लागतं.

वहीत तिने सुबक ओळी आखल्या होत्या. दोरा टेकला होता चौदा वेळा. त्यातला मला दहादा कळला. सहा वेळा टेकलाच नव्हता, आणि त्यातल्या दोन वेळा मी ठाम 'हो' म्हटलं होतं.

आईने ती बेरीज दोनदा तपासली. तिच्या चेहऱ्यावर विजय नव्हता. बऱ्याच दिवसांनी मोकळा श्वास घेतल्यासारखी ती दिसत होती. मग तिने विचारलं, "पण ही लय येते कुठून? जन्मतःच असते?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, आणि ते मी तिच्यासाठीच राखून ठेवलं होतं. फार लवकर, एकोणतिसाव्या ते एकतिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळांच्या मेंदूत मोठ्यांसारखी लय अजून नसते. बराच वेळ शांतता असते, आणि मध्येच एखादी संथ मोठी लाट उठते, तिच्यावर बारीक जलद लहरींचा ब्रश फिरवल्यासारखा. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की बाळाचा हात आपसूक हलला, किंवा कोणी त्याला स्पर्श केला, की अशी लाट उठते, आणि उठते ती त्या हाताच्याच प्रदेशात. पाय हलला तर पायाच्या. मोठेपणी लय आधी असते आणि स्पर्श तिच्यात येऊन पडतो. तिथे आधी स्पर्श असतो. ज्या दिवसांत ही बाळं काचेच्या पेटीत होती, ते दिवस एरवी पोटातले असतात. हातपाय हलतात, भिंतीला लागतात, आणि त्या लागण्यातून आत काहीतरी हालायला लागतं.

"भिंतीला म्हणजे मला," आई म्हणाली.

"हो. तुला."

ती थोडा वेळ वहीकडे बघत राहिली. मग तिने हात पोटाच्या उजव्या बाजूला, बरगड्यांच्या जरा खाली ठेवला, जागा शोधावी तसा सरकवत. "इथे मारायचीस लाथा," म्हणाली. "रात्री मी आडवी झाले की. मी हात ठेवून वाट बघायचे. कधी कळायचं, कधी नाही."